नदीतून किती पाणी उचलायचं, हे विज्ञान ठरवू शकतं का? (मरे-डार्लिंगच्या निमित्ताने)

ओहोळ :

मागे एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "चार शास्त्रज्ञ बसवा, नदीतून किती पाणी उचलायचं ते सांगतील, मिटला विषय." तिथे दोन ओळींचं उत्तर द्यायला बसलो आणि ते एवढं वाढलं की वेगळा धागा काढावा लागतोय. सांभाळून घ्या.

असे शास्त्रज्ञ खरंच बसवले गेले होते, ऑस्ट्रेलियात, मरे-डार्लिंग खोऱ्यात. विषय मिटला नाही तो नाहीच.

खोरं दहा लाख चौरस किलोमीटरहून मोठं. चार राज्यं आणि राजधानीचा प्रदेश त्यात येतात. पडणाऱ्या पावसातला सुमारे ९४ टक्के पुन्हा हवेत जातो, वाहून नदीत येतो तो चार टक्क्यांच्या आसपास. सगळं भांडण या चार टक्क्यांचं.

१९९१ च्या अखेरीस डार्लिंग नदीवर जवळजवळ हजार किलोमीटर निळं-हिरवं शेवाळ धरलं आणि सगळे दचकले. १९९५ मध्ये 'कॅप' आली : १९९३-९४ साली उपशाची जी पातळी होती तिच्यापुढे जायचं नाही. यात विज्ञान शून्य. जाग आली तेव्हा घड्याळात जे वाजले होते तीच मर्यादा! त्यानंतर २००९ पर्यंत रेंगाळलेला मोठा दुष्काळ आला आणि त्या दुष्काळातच २००७ चा जल कायदा झाला. कायद्याने सांगितलं की उपशाची मर्यादा पर्यावरणाला झेपेल इतकीच हवी आणि ती उपलब्ध उत्तमोत्तम विज्ञानावर ठरवायची.

झेपेल म्हणजे किती? इथे एकच उदाहरण जरा जवळून बघू.

मरे नदीवर बारमा-मिलावा नावाचं रेड गम झाडांचं जंगल आहे. ही झाडं अधूनमधून पाण्यात उभी राहिली पाहिजेत, नाहीतर वरून वाळत येतात. धरणं नव्हती तेव्हा तिथे हिवाळा-वसंतात (तिकडचे जून ते नोव्हेंबर) पूर यायचा आणि उन्हाळ्यात नदी उतरायची. धरणांनी हे उलटं केलं. हिवाळ्याचं पाणी अडवायचं, उन्हाळ्यात पिकांसाठी सोडायचं. त्यामुळे जंगल ओलं हवं तेव्हा कोरडं, कोरडं हवं तेव्हा ओलं. अभ्यासकांनी या जागेसाठी जी गरज लिहिली ती साधारण अशी : जून ते नोव्हेंबरमध्ये दिवसाला १२,५०० मेगालीटर (सुमारे ५,१०० क्युसेक) प्रवाह, एकूण ७० दिवस, आणि हे दहापैकी सात-आठ वर्षं. मोठ्या पुरांसाठी आणखी वेगळ्या अटी.

खोऱ्यात अशा १२२ जागा निवडल्या. कुठे झाडं, कुठे पाणपक्ष्यांच्या वसाहती, कुठे मासे. मग संगणकावर नदीचं मॉडेल चालवलं. आधी धरणं आणि उपसा काढून टाकून, मग आहे तसं, मग उपसा थोडा थोडा कमी करत. दर वेळी बघायचं की कुठल्या जागेची कुठली अट पुरी झाली.

आता गंमत. मर्यादा ठरवायचं काम खोरे प्राधिकरण या सरकारी संस्थेचं. तिच्या आराखड्याच्या २०१० च्या पहिल्या मसुद्यात पर्यावरणाला परत द्यायच्या पाण्याचा पल्ला होता वर्षाला ३,००० ते ७,६०० गिगालीटर (एक गिगालीटर म्हणजे एक दलघमी, दशलक्ष घनमीटर). ३,००० दिलं तर नदी सुधारेल याची खात्री कमी, ७,६०० दिलं तर जास्त. माझ्या मते त्या सगळ्या कागदपत्रांतलं सर्वांत प्रामाणिक वाक्य हेच. पण समाजाला सोसणार नाही म्हणून सुचवलं ३,००० ते ४,०००. ग्रिफिथ गावातल्या सभेबाहेर लोकांनी त्या मसुद्याच्या प्रती जाळल्या. पुढच्या वर्षी मॉडेल चालवलं ते २,४००, २,८०० आणि ३,२०० साठी. २०१२ मध्ये कायदेशीर आराखड्यात आकडा आला २,७५०. उपशाची मर्यादा झाली सरासरी १०,८७३ गिगालीटर, म्हणजे साधारण ३८४ टीएमसी.

२०१९ मध्ये साउथ ऑस्ट्रेलिया राज्याच्या रॉयल कमिशनने (सरकारी चौकशी आयोगाने) यावर कोरडे ओढले. आकडा 'दोन'ने सुरू झाला पाहिजे असं वातावरण होतं, अशी साक्षच त्या कमिशनसमोर झाली होती. आयुक्त ब्रेट वॉकर यांचं मत पडलं की कायद्याप्रमाणे आधी नदीचं बघायला हवं होतं, अर्थकारणाशी तडजोड त्याच आकड्यात मिसळणं बेकायदा. खोरे प्राधिकरणाला ते मान्य नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच की विज्ञान आकडा देत नाही, दरपत्रक देतं. इतकं पाणी सोडलंत तर इतकं जंगल, इतके पक्षी, इतकी खात्री. खरेदी किती करायची ते आपण ठरवायचं. तिथे तडजोड झाली याचं मला वाईट वाटत नाही, ती होणारच. ती करून वर "हे विज्ञानाने सांगितलं" असा शिक्का मारला, तिथे माझं बिनसतं.

शेवाळ :

पहिल्याच परिच्छेदांत माझी बदनामी. निषेध. 😀
बाकी लेख आवडला, सावकाश लिहिते.

तळ्यात मळ्यात :

दोन बाळबोध शंका.
१) हे १०,८७३ दर वर्षी? दुष्काळात एवढं पाणी आणणार कुठून?
२) एवढा खटाटोप कशाला? निम्मं नदीला, निम्मं माणसाला. पोरांनाही कळेल.

ओहोळ :

@तळ्यात मळ्यात, बाळबोध अजिबात नाहीत.

१) ती दीर्घकाळाची सरासरी आहे. ओल्या वर्षी जास्त, सुक्या वर्षी कमी. जूनअखेर जलवर्ष संपलं की त्या वर्षीच्या पावसापाण्यावर मॉडेल चालवून 'यंदा किती चाललं असतं' ते काढतात आणि प्रत्यक्ष उपशाशी ताडतात. फरक वहीत पुढे ओढला जातो. साचलेली उधारी २० टक्क्यांपर्यंत गेली की राज्याला जाब द्यावा लागतो. ही वही १ जुलै २०१९ पासून सुरू झाली. म्हणजे मर्यादा ओलांडली का हे वर्ष संपल्यावर कळतं, पाणी पिऊन झाल्यावर.

२) निम्मं-निम्मं होतंच की! सीएसआयआरओ या तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने २००८ मध्ये सगळ्या खोऱ्याचा हिशोब मांडला. उपलब्ध पाण्यापैकी वापर सरासरी ४८ टक्के. आणि त्या निम्म्या वापराने काय झालं? मरेच्या मुखाशी पोचणारं पाणी ६१ टक्क्यांनी घटलं. पूर्वी मुखातून प्रवाह बंद असण्याचा काळ एक टक्का असे, तो ४० टक्क्यांवर गेला. कारण वाटा सरासरीवर काढलाय. कोरड्या वर्षी माणूस आपला हिस्सा फारसा सोडत नाही, नदीचा कापला जातो.

तळ्यात मळ्यात :

४८ आणि ६१ चा हिशोब लागायला जरा वेळ लागला, पण लागला. मधल्या वाटेवर बाष्पीभवन, पाझर वगैरे आहेच, वरून त्यात हे. शंका १ चं उत्तर जास्त धक्कादायक आहे.

मोजपट्टी :

सरिता मापनात माझी बारा वर्षं गेली. ऑस्ट्रेलियात नाही, पण नदी मोजायची रीत सगळीकडे तीच. १०,८७३ मधला शेवटचा ३ बघून हसू आलं.

मापन केंद्रावर आपण विसर्ग मोजत नाही, मोजतो पातळी. खांबावर किती मीटर पाणी, एवढंच. वर्षातून मोजक्या वेळा होडी किंवा यंत्र घेऊन खरा विसर्ग मोजायचा, आलेखावर ठिपका मांडायचा आणि ठिपक्यांतून वक्र काढायचा. त्यानंतर रोजची पातळी त्या वक्रात घालून विसर्ग वाचायचा. अडचण अशी की मोठ्या पुरात होडी कोण घालणार? त्यामुळे वक्राचं वरचं टोक ठिपक्यांविना, अंदाजाने ताणलेलं असतं. आणि वर्षभरातलं बहुतेक पाणी त्या टोकातून जातं!

एकदा पुरानंतर आमच्या केंद्राखालचा तळ हातभर खरवडून गेला. पातळी तीच दिसायची, पाणी वेगळंच. आमच्या लक्षात येईपर्यंत दोन महिने जुन्या वक्राने आकडे वर जात होते, दशांश चिन्हासकट. चूक झाल्याचं कळवलं तर उत्तर आलं, "अहवाल छापून झालाय."

मॉडेलवाले याच आकड्यांवर मॉडेल बसवतात. चांगल्या केंद्रावरही पाच-दहा टक्के इकडेतिकडे धरून चालावं.

आणि हे झालं नदीतल्या पाण्याचं. मरे-डार्लिंगच्या उत्तर भागात सपाट रानातून पसरत जाणारं पुराचं पाणी बांध घालून शेतातल्या मोठ्या तळ्यांत ओढून घेतात. त्यावर कित्येक वर्षं ना परवाना ना मीटर. तो उपसा मर्यादेच्या हिशोबात होता, पण अंदाजाने.

ओहोळ :

@मोजपट्टी, या पूरपाण्याच्या उपशात एक खोच आहे, लेखात घालायची राहिली. आराखड्यात मर्यादा लिहिली आहे ती वजाबाकी म्हणून : पायाभूत उपसा वजा कपात. पायाभूत उपसा सुमारे १३,६२३ धरला, त्यातून २,७५० गेले की १०,८७३. आता मोजणी सुधारली आणि लक्षात आलं की पूर्वीपासून लोक जास्त ओढत होते, तर पायाभूत आकडा वर जातो. म्हणजे मर्यादाही वर जाते.

तळ्यात मळ्यात :

थांबा थांबा. जास्त उचलत होते हे उघडकीला आलं म्हणून जास्त उचलायची मुभा?

ओहोळ :

कागदावर असंच. त्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही : पाणी पूर्वीही जात होतं, नदीत वाढ-घट काही झालेली नाही, फक्त वहीत नोंद आली. पण नदीला जेवढं लागतं तिथून सुरुवात केली असती तर हा प्रश्नच आला नसता.

कापूसकोंड्या :

सगळे नदीच्या बाजूने बोलताय, मी दुसऱ्या तीरावरून बोलतो. मी काही वर्षं त्या खोऱ्यातल्या एका सिंचनाच्या गावात हिशोबनीस होतो. गावाचं नाव राहू द्या.

तिथे पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा आहे, शेअरसारखा विकता येतो. सरकारने हे हक्क बाजारभावाने विकत घेतले. कुणावर जबरदस्ती नाही. विकणारा खूश, कर्ज फेडून मोकळा. पण एका कालव्यावर दहा खातेदार असतील आणि चौघांनी पाणी विकलं, तर कालव्याची लांबी तेवढीच राहते. गळती तेवढीच, दुरुस्ती तेवढीच, वर्गणी भरणारे सहा. माझ्या टेबलावर ती बिलं यायची. पुढे जिनिंगला कापूस कमी, तिथला हंगामी मजूर दुसरीकडे, शाळेतला एक शिक्षक कमी. यातलं काहीच 'विक्रेता' या रकान्यात बसत नाही.

म्हणून २०१५ मध्ये अशा खरेदीवर १,५०० गिगालीटरची कमाल मर्यादा घातली, ती २०२३ मध्ये पुन्हा उठवली. सांगायचा मुद्दा, नदीच्या १२२ जागा मोजल्या तशी गावं इतक्या बारकाईने कुणी मोजली? आणि खरेदीपेक्षा ठिबक, पक्के कालवे यांना पैसे देऊन वाचलेलं पाणी नदीला दिलं तर दोघांचं भागतं.

निळावंती :

@कापूसकोंड्या, कालव्याच्या बिलांचं पटलं. ठिबकचं मात्र इतकं सरळ नाही.

मोकाट सिंचनात 'वाया' गेलेलं पाणी सगळं वाया जात नाही. बरंचसं पाझरून खालच्या थरात किंवा नदीत परत येतं. जुन्या पाटबंधाऱ्याच्या भाषेत पुनरुद्भव. ठिबक केलं की तो पाझर थांबतो. शेतकऱ्याच्या हक्काच्या पाण्यात बचत दिसते, सरकार त्या बचतीचा हिस्सा पर्यावरणाच्या खात्यात जमा करतं, आणि नदीला आधी मिळत असलेला पाझर मात्र कमी झालेला असतो. एकच पाणी दोनदा मोजलं. उरलेल्या बचतीत आणखी चार एकर भिजवले तर नदी तोट्यातच. २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात क्वेंटिन ग्राफ्टन आणि सहकाऱ्यांनी सिंचन-कार्यक्षमतेचा हा विरोधाभास मांडला होता, त्यावरून ऑस्ट्रेलियात बराच धुरळा उडाला. नेमका किती पाझर घटला यावर मतभेद आहेत, दिशेवर फारसे नाहीत.

माझी मूळ तक्रार वेगळीच आहे. मर्यादा ज्या मॉडेलवर बसवली त्यात १८९५ ते २००९ चं हवामान होतं. म्हणजे गेलं शतक पुन्हा येईल असं गृहीत. पाऊस दहा टक्के घटला की प्रवाह दहा टक्के घटत नाही, तिकडे तो वीस ते पस्तीस टक्के घटतो. कारण जमीन आणि झाडं आपला वाटा आधी घेतात. सीएसआयआरओच्या २००८ च्या हिशोबातच २०३० साठी मधला अंदाज ११ टक्के कमी पाणी असा होता. आराखड्यात मर्यादा ठरवताना तो कपातीत धरला नाही.

आणि आणखी भीतीदायक म्हणजे, दुष्काळ संपून पाऊस पूर्ववत झाला तरी व्हिक्टोरिया राज्यातल्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणलोटांत प्रवाह पूर्ववत झाला नाही, असं २०२१ च्या एका अभ्यासात दिसलं. तेवढाच पाऊस, पण ओढ्याला पाणी कमी. जुन्या नोंदींवर बसवलेलं मॉडेल असल्या नदीला ओळखणारच नाही.

अमेरिकेतल्या कोलोराडो नदीचं उदाहरण यासाठी कायम देतात. १९२२ मध्ये वरच्या आणि खालच्या राज्यांनी ७५-७५ लाख एकर-फूट (एकर-फूट म्हणजे एकरभर जागेत फूटभर पाणी) वाटून घेतलं, ते नेमकं ओल्या वर्षांच्या नोंदी बघून. १९७० च्या दशकात झाडांच्या वर्षवलयांवरून काही शतकांचा प्रवाह काढला तेव्हा कळलं की नदीत मुळात तेवढं नव्हतंच. वाटणी मात्र अजून तीच.

शेवाळ :

आले परत. मी अ‍ॅडलेडला राहते, म्हणजे या नदीच्या शेपटाला. आमच्या नळाला मरेचंही पाणी येतं.

वर मुखाचा उल्लेख आलाय म्हणून सांगते. मरे जिथे समुद्राला मिळते तिथे उभं राहिलं तर नदीपेक्षा आधी दिसतात ते गाळ उपसणारे ड्रेजर. २००२ मध्ये पहिल्यांदा आणले. मध्ये काही वर्षं थांबले, २०१५ मध्ये परत सुरू झाले. वरून पाणी जोरात आलं नाही की समुद्र वाळू आत ढकलतो आणि तोंड बुजतं. बाजूला कूराँगचं लांबलचक खाजण आहे, त्याच्या दक्षिण टोकाचं पाणी समुद्राहून कितीतरी खारट.

तोंड उघडं हवं ते पक्ष्यांसाठी एवढंच नाही. या खोऱ्याच्या पोटात मीठ आहे आणि ते बाहेर पडायला हीच एक मोरी. वर्षाला सरासरी वीस लाख टन मीठ समुद्रात जावं असं आराखड्यातच लिहिलंय. नाही गेलं तर ते वरच्या शेतांतच राहणार. @कापूसकोंड्या, खाली 'वाया' जाणारं पाणी तुमच्याच शेताची मोरी धुतंय हो!

आणि मेनिंडी, डार्लिंगकाठचं गाव. डिसेंबर २०१८ आणि जानेवारी २०१९ मध्ये तिथे नदीत लाखो मासे मेले. डबक्यासारखं साचलेलं पाणी, वर ऊन आणि शेवाळाचा थर (हो, आम्हीच), खाली प्राणवायू नसलेलं थंड पाणी. अचानक हवा गार झाली, वरचं-खालचं पाणी मिसळलं आणि सगळीकडचाच प्राणवायू संपला. मेलेल्यांत काही दशकांच्या वयाचे मरे कॉड होते. असा मासा पुन्हा एवढा व्हायला तेवढीच दशकं लागतात. ऑस्ट्रेलियाच्या विज्ञान अकादमीच्या गटाने सांगितलं की नुसता दुष्काळ नाही, वरचा उपसाही कारण. २०२३ मध्ये तिथेच पुन्हा कोट्यवधी मासे गेले, तेव्हा तर दुष्काळही नव्हता, पूर ओसरत होता.

कापूसकोंड्या :

मोरीचं मान्य. २०२३ मध्ये नदी भरलेली असून मासे मेले, म्हणजे नुसतं पाणी वाढवून प्रश्न सुटत नाही, हेही मग मान्य करा.

शेवाळ :

केलं. किती पाणी याइतकंच कधी आणि कुठल्या दर्जाचं. एका वार्षिक आकड्यात हे मावत नाही.

मोजपट्टी :

+१. वार्षिक आकडा हिशोबनिसांसाठी असतो. (कापूसकोंड्या, हलके घ्या.)

तळ्यात मळ्यात :

मग २०२६ मध्ये आराखड्याचा फेरआढावा आहे म्हणतात, त्यात हे हवामानाचं येणार ना? आणि बारमाच्या जंगलाचं काय झालं? मिळतात का ७० दिवस?

ओहोळ :

हवामान या वेळी टाळता येण्यासारखं नाही, फेरआढाव्याच्या मुख्य विषयांत ते आहेच. मर्यादा किती हलेल ते बघायचं.

बारमाचं उत्तर जरा विचित्र आहे. २०२२ सारखा मोठा पूर आला की प्रश्नच नाही, जंगल तुडुंब. अडचण मधल्या वर्षांत. पर्यावरणाच्या खात्यात पाणी असतं, धरणात असतं, पण एका मर्यादेपलीकडे सोडता येत नाही. कारण वाटेत खासगी कुरणं, लहान पूल आणि रस्ते बुडतात. त्या मालकांशी करार करायचे, पूल उंच करायचे, असं धोरण २०१३ मध्ये ठरलं. काम अजून चालू आहे.

तळ्यात मळ्यात :

म्हणजे नदीच्या वाटेवर फाटक आहे. २,७५० वगैरेची मॉडेलं चालवली तेव्हा हे फाटक धरलं होतं का?

ओहोळ :

धरलं होतं. म्हणूनच २०११ मध्ये ३,२०० देऊनही मोठ्या पुरांच्या अटींत २,८०० पेक्षा फारसा फरक दिसेना आणि "जास्त देऊन उपयोग काय" असं म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. २०१२ मध्ये तेच ३,२०० फाटकं सैल करून पुन्हा चालवलं, तेव्हा फरक दिसला. ३,२०० आणि २,७५० यांच्यातले ४५० नंतर वेगळ्या अटींवर आराखड्याला जोडले गेले आणि त्यावरून आजतागायत रणकंदन चालू आहे. तो धागा कापूसकोंड्यांनी काढावा, मी प्रतिसादांत येतो.

कापूसकोंड्या :

काढतो. पण रविवारनंतर, सध्या वर्षअखेरीची बिलं आहेत.